टाहोला जायचा बेत

मेघनाने फोनवर बोलता बोलताच सगळं ठरवून टाकलं. दोन रात्री, तळ्याकाठची खोली, शनिवारी सकाळी निघायचं आणि सोमवारी दुपारी घरी. मी गवार मोडत बसले होते; ती मोडून व्हायच्या आत हिचं बुकिंग झालंसुद्धा. म्हणे, आई, इट्स सो ईझी, चार तासांचा तर ड्राइव्ह आहे, एवढी वर्षं इथे राहून तुम्ही एकदाही गेला नाहीत? नाही गेलो, म्हटलं. का, ते तिने विचारलं नाही. लेक आहे माझी, पण तिला घाई फार. आणि विचारलं असतं तरी मी काय कपाळ सांगणार होते?

जानेवारीत तिकडे थंडी मरणाची, म्हणून लोकरीच्या टोप्या शोधायला गॅरेजमधलं जुनं खोकं उघडलं. टोप्यांना कसर लागली होती. त्यांच्या खाली नानांचा नकाशा होता. नाना म्हणजे माझे वडील. आलेखाचे चार कागद खळीने जोडून केलेला नकाशा, घड्यांवर विरलेला. एका कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली स्केल, आणि मधोमध रंगीत पेन्सिलीने भरलेलं ते तळं. काठाशी फिकट निळं, मध्याकडे गडद, कारण खोली अशीच दाखवायची असते. मी कागद नाकाशी धरला. खळीचा वास केव्हाच उडून गेला होता. गॅरेजचाच वास आला, तेलाचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा. वॉशिंग मशीनला टेकून मी तशीच उभी राहिले.

कॅलिफोर्नियातलं आमचं ऐंशीच्या दशकातलं सांता क्लारा आता कुणाला सांगून पटायचं नाही. काचेच्या इमारती भराभर उठत होत्या, पण दोन इमारतींच्या मध्ये अजून एखादी जर्दाळूची नाहीतर आलुबुखाराची बाग उरलेली असायची. हिवाळा सरता सरता ती झाडं पांढरीफेक फुलायची आणि आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यापर्यंत गोडसर वास यायचा. घरात नव्या कार्पेटचा वास, त्यावर माझ्या फोडणीचा. फोडणी जरा करपली की धुराचा अलार्म कोकलायला लागायचा, मग सुधीर, माझा नवरा, टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचायचा. कढीपत्ता आलाय अशी बातमी लागली की आम्ही हातातलं काम टाकून दुकानाकडे पळायचो. ते दुकान गेलं, बागा गेल्या, आमची ती अपार्टमेंटची दुमजली इमारतही पाडली म्हणे.

चाळीसगावला माहेरी फोन लावणं सोपं नव्हतं. आमच्या घरी फोनच नव्हता, शेजारच्या डॉक्टरकाकांकडे होता, आणि त्यांना कितीदा निरोप द्यायचा? म्हणून सगळं पत्रातून. ती निळी, पातळ हवाई पत्रं. मी चिकटवायच्या कडेवरसुद्धा लिहायचे. अशाच एका कडेवर मी घोळ घालून ठेवला. लिहिलं, ‘तुम्ही दोघं इकडे आलात की आपण टाहोला जाऊ.’ बस, जागा संपली. तळं, डोंगर, बर्फ, काहीच मावलं नाही.

आईने ते वाचलं आणि पत्र घेऊन ती थेट शेजारी गेली. पोरगी परमुलखात, लग्नाला जेमतेम दीड वर्ष, आणि लिहिते काय, तर टाहोला जाऊ. शेजारच्या काकूंनी तिला आधी देवापुढे दिवा लावायला सांगितलं. नाना शाळेतून आले, पत्र वाचलं, अॅटलास काढला, आणि इतके हसले म्हणे की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांचं उत्तर आलं: ‘तुझी आई म्हणते, ज्या गावाचं नावच टाहो, तिथे शहाण्याने जाऊ नये. तिथे गेल्यावर तो फोडण्याची सक्ती नाही, असे मी तिला समजावले आहे.’ तरी आईच्या तोंडून ते नाव कधी आलं नाही. ती ‘तळं’ म्हणायची. मग आम्हीही सगळे तळंच म्हणायला लागलो.

नानांनी चाळीसगावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघं आमच्याकडे आले, पाच महिन्यांसाठी. विमानतळावर मी लांबून हात हलवला. आईने लगेच ओळखलं. नाना मात्र मी हाक मारल्यावर आवाजाच्या दिशेने वळले. मला वाटलं, प्रवासाने थकलेत.

दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता आईने सांगितलं. काचबिंदू. कडेचं दिसायचं बंद झालं होतं, मधलं तेवढं उरलं होतं, नळीतून पाहावं तसं. थेंब घालायचे, टिकेल तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी वर्ष दोन वर्षं म्हटलं होतं. हे मला पत्रातून कळवायचं नाही, असा नानांचा हुकूम होता. मी गाळणं तसंच हातात धरून उभी राहिले आणि चहा ओट्यावर सांडला.

नाना स्वतः त्याबद्दल एकदाच बोलले. आम्ही दोघं बाल्कनीत संत्रं सोलत बसलो होतो.

“पोरी, तीस वर्षं मी वर्गात सांगितलं, सरोवराचं पाणी निळं असतं. मी पाहिलेलं नाही गं. आपल्या गिरणेचं पाणी चहासारखं. एकदा तेवढं दाखव, मग काय व्हायचं ते होऊ दे डोळ्यांचं.”

दाखवते म्हटलं. त्यात काय एवढं, म्हटलं.

मग बेत सुरू झाला. बेत कसला, मोहीमच ती. सुधीरने ऑटो क्लबमधून रस्त्यांचा नकाशा आणला होता, तिथल्या बाईने आमचा रस्ता नारिंगी शाईने रंगवून दिलेला. नानांनी तो भिंग लावून पाहिला आणि बाजूला सारला. यात चढ कुठे दिसतोय, म्हणाले, हा वाण्याचा नकाशा आहे. आणि स्वतःचा काढायला बसले. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर आलेखाचे कागद, पट्टी, पेन्सिलींचा डबा. टोक केलेल्या लाकडाचा वास त्या घरात मी पहिल्यांदा घेतला. शेजारी एक तक्ता: ठिकाण, उंची, पोचण्याची वेळ, काय पाहावे. साक्रामेंटोपुढे लिहिलं होतं, उंची तीस फूट, आणि ‘काय पाहावे’च्या रकान्यात, ‘काही नाही’.

तळं सहा हजारांहून अधिक फूट उंचावर. नानांनी हिशेब केला की तिथे पाणी शंभर अंशांच्या बऱ्याच आधी उकळणार, म्हणजे भात कच्चा राहणार. यादीत सगळ्यात वर ‘प्रेशर कुकर’, खाली दोन रेघा. सुधीर म्हणाला, नाना, तिथे रेस्टॉरंट्स आहेत. नानांनी विचारलं, त्यांच्याकडे कुकर आहे का? आई कधी नव्हे ती नानांच्या बाजूने झाली. तिने कुकर, जास्तीची रिंग आणि तांदळाची पुरचुंडी एका पिशवीत बांधून दाराशी नेऊन ठेवली. ती पिशवी सोडायला दोघंही तयार नव्हते, त्यामुळे तो अख्खा हिवाळा मी पातेल्यात वरण शिजवत बसले.

पहिल्यांदा नोव्हेंबरात जायचं होतं. सुधीरच्या ऑफिसात काहीतरी बिघडलं आणि ते कॅन्सल केलं. मग महिनाअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ठरवलं, तर आदल्या दिवशी बर्फाने घाट बंद. ख्रिसमसला सुधीरला ताप. दर वेळी नाना रबर घ्यायचे, कोपऱ्यातली तारीख खोडायचे आणि नवी लिहायचे. कागद त्या जागी इतका झिजला की शेवटी आरपार भोक पडलं.

तोवर ते चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवायला लागले होते, कडेच्याही जरा पलीकडे. एकदा मी पाहिलं, तळ्याचा एक कोपरा त्यांनी हिरव्या पेन्सिलीने भरला होता. हातातली पेन्सिल हिरवी आहे हे त्यांना कळलं नव्हतं. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर आई भिंग घेऊन बसली आणि त्या हिरव्यावर हलक्या हाताने निळी फिरवत राहिली. आज त्या कोपऱ्याचा रंग धड निळा नाही, धड हिरवा नाही.

फेब्रुवारीतला लाँग वीकेंड हा शेवटचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान. गुरुवारी सुधीरचा ऑफिसातून फोन, तीन दिवस हलता येणार नाही. मी रिसीव्हर ठेवला तेव्हा नाना मागेच उभे होते. म्हणाले, सुधीररावांना त्रास नको, तुझ्याकडे लायसन्स आहे ना, आपण तिघं जाऊ. मी रस्ता सांगतो, मला पाठ आहे. आणि खरंच पाठ होता. साक्रामेंटोनंतर चढ कुठे सुरू होतो, वळण कुठे उजवीकडे जातं, सगळं तोंडावर. मी म्हटलं, हो, जाऊ.

त्या संध्याकाळी टीव्हीवर घाट दाखवला. गाड्यांची रांग, पांढरा रस्ता, आणि चाक घसरू नये म्हणून त्याला साखळ्या लावायला एक माणूस बर्फात उताणा झोपलेला. मी गाडी चालवायचे ती दुकानापर्यंत आणि लायब्ररीपर्यंत. मला जी भीती वाटली ती वाटली, तिला काही इलाज नाही. शुक्रवारी सकाळी मी मोटेलला फोन करून खोली कॅन्सल केली. पलीकडच्या बाईने गोड आवाजात विचारलं, पुढची तारीख देऊ का. नको म्हटलं.

स्वयंपाकघरात आले तर नाना बुटांच्या नाड्या बांधून, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. आई ओट्याशी दशम्या करत होती. दुधात भिजवलेल्या पिठाचा आणि तुपाचा वास घरभर. मला भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी ते म्हटले नाहीत. मी म्हटलं, नाना, कॅन्सल केलं मी. आईच्या मनात नाही. तिला त्या नावाची धास्ती वाटते, निघायच्या तोंडावर नको म्हणते.

आईचा हात लाटण्यावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. पहाटेपासून ती दशम्या लाटत होती, बांधाबांध तिनेच केली होती, आणि नावाचं भय तिने केव्हाच गिळलं होतं. नाना उठून उभे राहिले. आईवर त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही.

“तीस वर्षं भूगोलमास्तराची बायको तू, आणि नावाला भितेस.”

“हो,” आई म्हणाली, “भिते.”

आणि तिने तव्यावरची दशमी उलटली.

दुपारी आम्ही दोघी खाली लाँड्री रूममध्ये कपड्यांच्या घड्या घालत होतो. ड्रायरमधून काढलेले गरम टॉवेल, साबणाचा तो अमेरिकन वास. आईच म्हणाली, “माझ्यावर घातलंस ते बरं केलंस. माझा राग त्यांना पचतो. तुझ्यावर रागावून गेले असते तर तिकडे घास गिळला नसता त्यांनी.” पुढे तिने टॉवेल झटकला आणि सुधीरच्या शर्टाचं बटण तुटलंय, तेवढं लावून घे, म्हणाली. मला वाटतं, ती जरा ओरडली असती तर मी त्याच दिवशी गाडी काढली असती. पण हेही आता म्हणायला सोपं.

ते तीन दिवस आम्ही बाल्कनीत बसून दशम्या खाल्ल्या, लसणाच्या चटणीशी. खाली अपार्टमेंटचा स्विमिंग पूल होता. थंडीमुळे कुणी उतरत नव्हतं, पाणी स्थिर, तळाला निळा रंग दिलेला. नाना खुर्ची तिकडे वळवून बसायचे. मान इकडेतिकडे हलवून त्यांच्या त्या नळीत पाणी पकडायचे. एकदा विचारलं, खोली किती असेल. ऑफिसला निघता निघता सुधीर म्हणाला, आठ फूट.

“तरी बऱ्यापैकी निळं आहे,” नाना म्हणाले.

माझ्या वडिलांना मी अमेरिकेत दाखवलेलं निळं पाणी ते एवढंच.

दोघं चाळीसगावला परत गेले. कुकर पिशवीतून निघून पुन्हा गॅसवर चढला. जर्दाळूची झाडं फुलून गेली आणि पुढच्या वर्षी त्या जागी पार्किंग लॉट झाला. तिकडून पत्रं येत राहिली, पण अक्षर बदललं. आधी नानांच्या ओळी तिरक्या व्हायला लागल्या, एकावर एक चढायला लागल्या, मग सगळं पत्रच आईच्या अक्षरात. नाना सांगायचे, ती लिहायची. त्यांना आता उजेड तेवढा कळतो, असं तिने एकदा लिहिलं. नंतर तेही लिहिणं सोडलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ असायचीच: ‘हे विचारतात, तळ्याला जाऊन आलात का? माझे डोळे गेले तरी तिचे आहेत, म्हणतात. तू पाहून लिही, मी वाचून दाखवीन.’

आम्ही गेलो नाही. कारणं होती, मेघना झाली, हे झालं, ते झालं. खरं सांगायचं तर मला त्या रस्त्याकडे बघायचंच नव्हतं. आणि पत्रामागून पत्र येत होतं. शेवटी एका जानेवारीत मी बसले आणि लिहून टाकलं, गेलो होतो म्हणून.

सुधीरच्या ऑफिसातून आलेलं एक ख्रिसमसचं कार्ड फ्रिजवर लावलेलं होतं. गोठलेलं तळं, त्यावर घसरत खेळणारी पोरं, मागे सूचिपर्णी झाडं. त्यावरून मी चार पानं लिहिली. लिहिलं की अख्खं तळं गोठलं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि आम्ही मेघनाला कडेवर घेऊन त्यावरून चालत गेलो. पायाखाली बर्फ कुरकुरत होता. एके ठिकाणी वाकून पाहिलं तर खाली, काचेखाली ठेवावं तसं, निळं पाणी दिसलं, नाना, तुम्ही सांगायचात तसलं निळं. कुकर नेला होता आणि भात मोकळा झाला, हेसुद्धा लिहिलं. लाज वाटायला हवी होती. उलट लिहिता लिहिता मला रडू आलं आणि वाटलं, आपण खरंच जाऊन आलो. पत्र पेटीत टाकून आले तेव्हा फार दिवसांनी हलकं वाटलं.

महिन्याभराने उत्तर आलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं, मेघना रडत होती. खूश झालेत एवढं कळलं, आणि मी सुटले. त्यानंतर ती ओळ पत्रांत पुन्हा आली नाही. नाना त्यापुढे दोन वर्षं होते. आई आणखी चार. दोन्ही वेळा मला पोचायला उशीर झाला.

हे सगळं मेघनाला ठाऊक नाही. काल पुन्हा तिचा फोन आला, कपड्यांची यादी सांगायला. मी विचारलं, तळ्यावरून चालायला निराळे बूट लागतील ना, पाय घसरायला नको या वयात. तिला आधी कळेचना.

“ऑन द लेक? आई, इट नेव्हर फ्रीझेस,” ती म्हणाली. “इट्स वे टू डीप. कितीही थंडी पडू दे, ते गोठत नाही. नानांनी कधी सांगितलं नाही तुला? ही वॉज अ जिऑग्रफी टीचर, राइट?”

गॅसवर दूध आहे म्हटलं आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

त्यांचं ते उत्तर मी टाकलेलं नाही. काल ते घेऊन बसले आणि या वेळी ओळ न् ओळ वाचली. अक्षर आईचं, भाषा नानांची. पत्र मिळाले, तुझ्या आईकडून चार वेळा वाचून घेतले. बर्फाच्या आवाजाचे लिहिलेस ते फार चांगले केलेस, आवाज मला अजून पुरतो. मेघनाची दृष्ट काढ. आणि सगळ्यात खाली, पत्ता लिहितात त्या घडीच्या अलीकडे, दोन-तीन ओळी, ज्या मी तेव्हा नुसत्या डोळ्यांखालून घातल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी मला पदरात घेतलं, की त्यांनी माझ्यावर खरोखर विश्वास ठेवून आयुष्यभराचं आपलं शिकवणं खोडलं, हे विचारायला आता दोघांपैकी कुणी नाही. कुठलंही असलं तरी मला तोंड दाखवायला जागा नाही. त्या ओळी अशा आहेत:

‘फार खोल सरोवरे गोठत नाहीत, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. पुस्तकात तसेच दिलेले आहे. पण पुस्तक लिहिणारे काही तिथे गेले नसतील. तू गेलीस.’